टमी टकनंतर पुन्हा टेबलावर: हे कोणाच्या वाट्याला येतं, आणि का?

केळफूल | सोमवार, रात्री १०.५०

वय ४४, दोन सिझेरियन. तीन वर्षांपूर्वी वजन १०४ होतं. बॅरिअ‍ॅट्रिक झालं (वजन उतरवण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन), आता दीड वर्ष काटा ६८ वर आहे. वजन गेलं पण कातडी तिथेच राहिली, रिकाम्या पिशवीसारखी. परकराच्या नाडीखाली तिची घडी, घडीत घाम आणि लाल चट्टे. एप्रिल-मे म्हणजे डस्टिंग पावडरचा डबा आणि मी. म्हणून सात महिन्यांपूर्वी टमी टक, म्हणजे पोटाची ढिली कातडी कापून काढायचं ऑपरेशन, करून घेतलं. (हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, व्यक्तिगत निरोपातही विचारू नका.)

घडी गेली, चट्टे गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्रणाच्या दोन्ही टोकांना, कमरेच्या हाडावर, एकेक उंचवटा राहिलाय, करंजीच्या टोकासारखा. जीन्स घातली की तो वरून डोकावतो. बेंबी इतकी बारीक झालीय की आंघोळीचं पाणी आत राहतं आणि वास येतो. आणि बेंबीच्या वरची कातडी ढिलीच आहे. दोन्ही हातांनी बाजूला ओढली की सपाट, सोडली की परत होती तशी.

सर्जन म्हणतात दुरुस्ती लागेल, पण वर्ष होऊ दे. नणंद म्हणते, "एकदाच नीट करायचं ना." मला खरंच जाणून घ्यायचंय की काही जणांना हे दुसऱ्यांदा का करावं लागतं? चूक कोणाची असते? कोणी यातून गेलंय का?

फोटो टाकणार नाही.

रानजाई | सोमवार, रात्री ११.१०

रुमाल टाकून ठेवते. माझ्या जावेचं पुढच्या महिन्यात आहे.

तिरकस | सोमवार, रात्री ११.३२

रोज बारा सूर्यनमस्कार घातले असते तर पहिली शस्त्रक्रियाही लागली नसती आणि दुसरीही. कटू आहे पण सत्य आहे.

कण्हेरी | मंगळवार, सकाळी ७.०५

तिरकस, सूर्यनमस्काराने स्नायू घट्ट होतात, कातडी नाही. एक फुगा फुगवून महिनाभर ठेवा, मग हवा सोडा आणि त्याला सूर्यनमस्कार घालायला लावा. कसा दिसतो ते इथे येऊन सांगा.

हडपसरकर | मंगळवार, सकाळी ७.४०

कण्हेरी +१. मी पुरुष आहे, ४९ किलो उतरवले, रोज आठ किलोमीटर चालतो. तरी शर्ट काढला की मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमचं पोट खाली पडलंय." माझीही दुसरी झालीय. रात्री लिहितो, आत्ता कंपनीची बस आली.

उसवण | मंगळवार, दुपारी २.१५

मी डॉक्टर नाही, तीस वर्षं ब्लाउज शिवते. पण केळफूलचे ते टोकाचे उंचवटे वाचून मला हसूच आलं (राग नसावा), कारण हे माझ्या मशीनवर रोज होतं.

ब्लाउजला टक घालतो ना, तो टोकाकडे निमुळता होत होत कापडात विरला पाहिजे. नवीन मुलगी शिकायला आली की घाईत टक मध्येच थांबवते. मग टोकाला फुगा उभा राहतो. इस्त्री मारा, पाणी मारा, फुगा बसत नाही. दोनच उपाय. एक तर टक लांब घ्यायचा, नाहीतर उसवून पुन्हा. आणि वरची कड लांब, खालची आखूड असली तर जास्तीचं कापड शिवताना पुढे पुढे सरकत टोकाला जाऊन जमतं. पोटावरही तसंच होत असणार. वरच्या कातडीची कड लांब, खालची आखूड, आणि सगळा झोळ कमरेवर. मग हेही टकच की!

टाकेवाला | मंगळवार, रात्री ९.२०

उसवणताई, आमच्या विद्यार्थ्यांना हे शिकवायला मला एक तास लागतो, तुम्ही एका परिच्छेदात उरकलंत. मी प्लास्टिक सर्जन आहे, नाशिककडे असतो. त्या उंचवट्याला आम्ही 'डॉग इअर' म्हणतो, कुत्र्याचा कान. कारण तुम्ही सांगितलंत तेच. व्रण आखूड ठेवला तर कान राहतो, कान घालवायचा तर व्रण लांबवावा लागतो. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, व्रण छोटाच ठेवा," आणि आम्हीही त्याच्या शब्दाला भुलतो. शिवाय माणूस टेबलावर आडवा असताना कमरेची कातडी मागे पसरलेली असते. उभा राहिला की ती पुढे येते आणि कान उघडा पडतो. म्हणून खुणा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, पेशंट उभा असताना मार्करने करायच्या. सुरुवातीचे काही महिने थोडी सूजही असते, लहान कान आपोआप बसतात. सहा महिन्यांनी न बसलेला मात्र बसत नाही. तो नुसती जागा बधिर करून काढता येतो, बहुतेकदा त्याच दिवशी घरी.

केळफूल, तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या कारणांच्या आहेत, त्यांना एका पिशवीत घालू नका.

बेंबीचं आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं ती कातडीबरोबर खाली सरकते. तसं नसतं. बेंबीभोवती गोल काप घेऊन ती देठासकट पोटाच्या भिंतीला तशीच ठेवतो. वरची कातडी खाली ओढून घेतो, तिला नवीन भोक पाडतो, आणि बेंबी त्यातून बाहेर काढून कडेने टाके घालतो. आता कडेने गोल व्रण झाला, आणि व्रण आक्रसतो हा त्याचा धर्मच. गोल व्रण आक्रसला की बटव्याची दोरी ओढल्यासारखं तोंड बारीक होतं. म्हणून बरेच सर्जन भोक गोल न ठेवता उभं किंवा इंग्रजी व्ही-यू सारखं कापतात. पूर्वी ही भानगड नव्हती. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये लोंबत्या पोटाचा आडवा पदर कापून काढल्याची नोंद आहे. बेंबी अशी नव्या भोकातून बाहेर काढायची पद्धत १९५७ मध्ये व्हर्नन यांनी मांडली, तिथून ती रुळली.

तिसऱ्या तक्रारीवर उद्या लिहितो, ओपीडी संपली पण पेशंट संपले नाहीत.

भाकरवडी | मंगळवार, रात्री ९.४१

म्हणजे 'बेंबीच्या देठापासून ओरडणे' हे शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे तर!

टाकेवाला | मंगळवार, रात्री ९.५०

शंभर टक्के. आम्ही थिएटरमध्येही देठच म्हणतो. देठाचा रक्तपुरवठा जपणं हे अर्धं काम. बेंबीचा हर्निया त्याच वेळी दुरुस्त करायचा असेल तर देठाला जास्त धोका, क्वचित बेंबी काळी पडते.

हडपसरकर | मंगळवार, रात्री ११.०५

सकाळी अर्धवट सोडलं होतं.

माझ्या दोन्ही बाजूंना ड्रेन होते, कातडीखालचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, टोकाला प्लास्टिकचे बल्ब. घरी पाठवताना नर्सने मापाचा कप दिला आणि वही करायला सांगितली. रोज सकाळी ८ आणि रात्री ८, बल्ब उघडायचा, कपात ओतायचं, मिली लिहायचं, बल्ब दाबून हवा काढून पुन्हा बूच. बायकोने दूधवाल्याच्या वहीचीच मागची पानं वापरली. एका बाजूला गाईचं दूध दीड लिटर, दुसऱ्या बाजूला डावा ड्रेन ८५, उजवा ६०. चोवीस तासांत ३० च्या खाली आलं की ड्रेन काढायचा असं ठरलं होतं. नवव्या दिवशी ४५ होता. मी डॉक्टरांच्या मागे लागलो की काढा, ऑफिस आहे. काढला. बाराव्या दिवशी मी कामावर.

तीन आठवड्यांनी पोटात पाणी हलायला लागलं. अक्षरशः. कुशीवर वळलो की डचमळ. याला सिरोमा म्हणतात, कातडीखाली साठलेलं पाणी. सुईने पाच वेळा काढलं, एकदा दीडशे मिली, एकदा दोनशे. थांबेना. मग सोनोग्राफीत दिसलं की त्या पाण्याभोवती पिशवी तयार झालीय, तिला अस्तर आलंय. अस्तर असेपर्यंत पाणी परत भरणार. पाचव्या महिन्यात पुन्हा भूल, पिशवी कापून काढली, आतून टाके घालून जागा चिकटवली.

तेव्हा चूक कोणाची म्हणाल तर माझ्या बाबतीत ऑफिसची. म्हणजे माझी.

रानजाई | बुधवार, सकाळी ६.५०

जावेला दूधवाल्याची वही पाठवते. तिच्याकडे पिशवीचं दूध येतं.

मिरजेची_माई | बुधवार, सकाळी ११.३०

माझ्या धाकट्या मावशीचं लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. ऑपरेशनआधी विचारलं, "सिगरेट? तंबाखू?" मावशी म्हणाली, "छे हो." खोटं नव्हती बोलत. ती रोज सकाळी मिश्री लावते, पन्नास वर्षं, आणि तिच्या लेखी ती तंबाखू नाही, ते दात घासणं आहे. विचारणाऱ्या पोराला मिश्री माहीत नव्हती, सांगणारीला निकोटीन.

सहाव्या दिवशी बेंबीखालची, टाक्याच्या मधोमध असलेली कातडी निळसर झाली. मग काळी. हाताच्या तळव्याएवढी जागा. ती कापून काढली, दोन महिने रोज ड्रेसिंग, शेवटी मांडीची कातडी लावली. आणि या सगळ्यात पहिले सहा दिवस ती हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये मिश्री लावतच होती, डबी मीच नेऊन दिली होती.

टाकेवाला | बुधवार, रात्री १०.०२

माई, तुमचं वाचल्यावर सुचेनासं झालं. मी 'तंबाखू खाता का' असं विचारत नाही. मिश्री, तपकीर, मावा, गुटखा, जर्दा, एकेक नाव घेतो, आणि पुरुषांना बायकोसमोर विचारत नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये कातडी बरगडीपर्यंत उचललेली असते, तिला रक्त फक्त वरून आणि बाजूंनी येतं. बेंबीखालचा मधला भाग त्या रक्ताच्या वाटेवरचं शेवटचं गाव. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही, तसं. वर कातडी घट्ट ओढली असेल तर आणखी वाईट. म्हणून आधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत सगळं बंद. शुगर ताब्यात नसली तरी हाच भाग दगा देतो. पित्ताशयाची जुनी उघडी शस्त्रक्रिया झाली असेल, उजव्या बरगडीखाली तिरका व्रण असेल, तर तो वरचा रस्ताच तोडलेला असतो. ते पेशंट सांगत नाहीत, "त्याचा काय संबंध" म्हणून.

काळी पडलेली कातडी, पू, किंवा पहिल्याच दिवशी पोट एका बाजूने फुगून टणक होणं, याला वर्षभर थांबायचं नसतं, त्याच तासाला फोन. थांबायचं ते दिसण्याच्या दुरुस्तीसाठी. व्रण पिकायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, त्याआधी कापलं तर सुजेचं माप घेऊन कपडे शिवल्यासारखं होतं.

हडपसरकर, ड्रेन आणि घाई यांचं लग्न कधी सुखाचं होत नाही. कातडी आतल्या भिंतीला थोड्या थोड्या अंतरावर टाक्यांनी बसवत आणण्याची पद्धत पोलॉक आडनावाच्या दोन अमेरिकी सर्जननी २००० मध्ये मांडली. तशी गादी टाचल्यासारखी टाचली तर पाणी साठायला जागाच कमी राहते. वेळ जास्त लागतो, पण मी आता तसंच करतो.

लेस्टरवासी | बुधवार, रात्री ११.५५

इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या बाजूचं सांगतो. माझ्या ऑफिसातली एक जण तुर्कस्तानात जाऊन करून आली. इथल्या खासगी दवाखान्यापेक्षा बरंच स्वस्त, वर हॉटेल आणि विमानतळावर गाडी. आठव्या दिवशी परत. दहाव्या दिवशी ताप, टाके सुटले. तिकडच्या दवाखान्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न, फोटो पाठवा. एनएचएसने (इथली सरकारी आरोग्यसेवा) जंतुसंसर्ग सांभाळला, जखम भरून दिली. पण वाकडातिकडा व्रण सरळ करून देणं त्यांच्या कक्षेत येत नाही. दिसण्यासाठी केलेली टमी टकही ते सहसा करत नाहीत. तर दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने, आणि दुसऱ्याने उसवलेलं शिवायला इथला सर्जन पटकन तयार होत नाही.

उसवण | गुरुवार, सकाळी ८.१०

शिंपीही होत नाही. "आधी कोणाकडे टाकला होता?" हा आमचा पहिला प्रश्न.

सव्वाशेर | गुरुवार, सकाळी ९.००

सगळे डॉक्टरांना सांभाळून घेतायत. पैसे पूर्ण घेतले, काम अर्धं झालं. दुसऱ्या वेळेचे पैसे का द्यायचे? गाडीला वॉरंटी असते.

कण्हेरी | गुरुवार, सकाळी ९.२०

गाडी स्वतःचे व्रण स्वतः भरत नाही. आणि गाडी मिश्रीही लावत नाही.

सव्वाशेर | गुरुवार, सकाळी ९.२४

विनोद ठीक. प्रश्न तसाच आहे.

टाकेवाला | गुरुवार, दुपारी ३.४०

प्रश्न रास्त आहे. बरेच सर्जन छोट्या दुरुस्तीला स्वतःची फी घेत नाहीत, पण थिएटर आणि भूल यांचं बिल येतं. हे पहिल्या भेटीत विचारावं आणि लिहून घ्यावं. विमा सहसा नाही. जीएसटीची सूटही सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही, जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीला आहे. आणि माझ्या क्षेत्राबद्दल बोलायचं तर सगळंच पेशंटच्या माथी मारता येत नाही. व्रण वर चढलेला, बेंबी मध्यरेषा सोडून, एक बाजू जाड एक पातळ, चरबी ओढताना पडलेले खड्डे, हे हाताचं काम आहे. प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहे का एवढं तरी बघा. पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहायला पेंटर लागतो, पदवी नाही.

कण्हेरी | गुरुवार, रात्री ८.३०

मी फिजिओ आहे, एक भर घालते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींची तक्रार असते की पोट परत पुढे आलं, टाके सुटले. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात, ते टमी टकमध्ये आतून शिवून जवळ आणतात. सहा आठवडे जड उचलायचं नाही असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे तिसऱ्या आठवड्यात पाहुणे येतात आणि कुकर, गाद्या, नातू सगळं उचललं जातं. खोकला आणि बद्धकोष्ठही तितकेच वाईट. कधी कधी खरंच शिवण सुटते, मग पुन्हा शिवावी लागते. पण अनेकदा शिवण शाबूत असते, आतड्यांभोवतीची चरबी आतून ढकलत असते. ती चरबी टमी टक काढत नाही. त्यावर ऑपरेशन नाही, ताट बघावं लागतं. नंतरचं बाळंतपण असेल तर मात्र सगळाच हिशोब नव्याने, म्हणून मुलं व्हायची असतील तर आधी करू नये.

भाकरवडी | गुरुवार, रात्री ८.४५

बाळंतिणीचं पोट जुन्या नऊवारीने आवळून बांधलं असतं तर हे झालंच नसतं, असं आमची आजी म्हणते. सोबत डिंकाचे लाडू.

कण्हेरी | गुरुवार, रात्री ८.५५

पट्ट्याने आधार मिळतो, पण फाकलेला स्नायू त्याने जुळत नाही. आणि पोट आवळायचं आणि दिवसाला चार डिंकाचे लाडू भरायचे, हे आजीला कधी विसंगत वाटलं नाही का?

भाकरवडी | गुरुवार, रात्री ८.५७

लाडूंबद्दल एक शब्द ऐकून घेतला जाणार नाही.

(यानंतरचे लाडवांवरचे १४ प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. - संपादक)

टाकेवाला | शुक्रवार, रात्री ९.१५

केळफूलचं राहिलेलं. "दोन्ही हातांनी बाजूला ओढली की सपाट होते" हे तुम्ही लिहिलंत तिथेच उत्तर आहे. नेहमीच्या टमी टकमध्ये कातडी वरून खाली ओढली जाते. म्हणजे उंचीतला ढिलेपणा जातो, रुंदीतला नाही. बॅरिअ‍ॅट्रिकनंतर कातडी दोन्ही दिशांनी सैल असते. रुंदी कमी करायची तर मधोमध उभा काप घ्यावा लागतो, छातीच्या हाडाखालून खालपर्यंत. आडवा अधिक उभा, उलटा टी. व्रण कपड्यात लपत नाही, म्हणून लोक नको म्हणतात. त्या उभ्या रेषेबद्दल तुमच्याशी आधी बोलणं झालं होतं का?

केळफूल | रविवार, संध्याकाळी ६.३०

दोन दिवस आले नाही कारण या प्रश्नाने मला फाइल काढायला लावली.

आठवत होतं ते इतकंच की ऑपरेशनच्या सकाळी आरशासमोर उभं करून जांभळ्या मार्करने पोटावर खुणा केल्या होत्या. एक रेष उभी होती. मी म्हटलं, ही कशाला? ते काहीतरी बोलले, मी म्हटलं नको, मला पोटावर मधोमध रेघ नकोय, साडी नेसते मी. स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांनी ती पुसली. हे मी पार विसरून गेले होते. फाइलमध्ये संमतीपत्राच्या मागे हाताने लिहिलंय, "उभा व्रण नको, रुग्णाची इच्छा. वरचा ढिलेपणा राहू शकतो हे समजावले." खाली माझी सही.

सही बघून आधी रागच आला. नऊ वाजता भूल द्यायची, साडेआठला उपाशी पोटी, गार एसीत, गाऊन वर धरून उभ्या असलेल्या बाईला हा प्रश्न विचारतात का? महिनाभर आधी विचारायला हवं होतं. पण विचारलंच नाही असंही मला म्हणता येत नाही.

काल दुसरं मत घेतलं, माझ्या सर्जनना सांगूनच. कान वर्ष झाल्यावर जागा बधिर करून निघतील, व्रण दोन्हीकडे थोडा मागे जाईल. बेंबीसाठी आधी गोटी! हसू नका, खरीखुरी काचेची गोटी, उकळून गार केलेली, रात्री चिकटपट्टीने बेंबीत बसवून ठेवायची, काही आठवडे. तोंड सैल झालं तर ठीक, नाहीतर कानांबरोबरच छोटा काप. आणि वरच्या ढिलेपणाला उभी रेघ हाच उपाय. ते मी सोडून दिलं. घडी गेलीय, चट्टे गेलेत, साडीत काही दिसत नाही.

नणंदेला संमतीपत्र दाखवलं नाही.

टाकेवाला | रविवार, रात्री ८.००

गोटीचा आकार त्यांनी ठरवू दे, खाऊच्या दुकानातून मोठी आणू नका. आणि तुमचा राग बरोबर आहे. उद्यापासून माझी उभ्या रेषेची चर्चा पहिल्या भेटीत, पेशंट खुर्चीत आणि कपड्यात असताना.

तिरकस | रविवार, रात्री ८.२०

फुगा महिनाभर ठेवायचा प्रयोग चालू आहे. सहाव्या दिवशीच सुरकुतलाय. सध्या मौन.

रानजाई | रविवार, रात्री ९.१०

जावेला आख्खा धागा वाचून दाखवला. ती फक्त एवढंच म्हणाली की ड्रेनसाठी वही कोरी घेईन, दुधाची नको. आणि संध्याकाळी तिने स्वतःच सर्जनना फोन करून तपकिरीचं सांगितलं. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

उसवण | सोमवार, सकाळी ७.३०

केळफूल, दिवाळीचा ब्लाउज आत्ता शिवायला टाकू नका. कान गेल्यावर माप घ्यायला या, टक मी नीट लांब घेईन.